पेन्शनची फाईल पेंडिंग

(दुधनी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘पेन्शनची फाईल पेंडिंग आहे.’ हे वाक्य अक्कलकोट तालुक्यात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. निवृत्त शिक्षक असो, एसटीचा वाहक असो, की श्रावणबाळ योजनेच्या रांगेत उभी असलेली आजी असो. खिडकीपलीकडून एवढं ऐकू आलं की माणूस कागद घडी करून पिशवीत टाकतो आणि दुधनीची गाडी धरतो. चार शब्दांच्या या वाक्यात मराठी म्हणावा असा फक्त ‘आहे’. उरलेले तीन इंग्रजीतून आले आणि मूळचे लॅटिनचे. त्यातले दोन, पेन्शन आणि पेंडिंग, तर एकाच घरातले. तिसरा, फाईल, त्या घरचा नव्हे, पण त्याचाही धागा इथेच जुळतो. लॅटिनमध्ये ‘फिलुम’ म्हणजे धागा. पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, त्या माळेला फाईल हे नाव पडलं. किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बिलं खोचलेली वाकडी तार अजूनही लटकलेली दिसते. फाईलचा जुना अवतार तोच.

पेन्शन आणि पेंडिंगच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे लॅटिन धातू ‘पेन्देरे’. त्याची दोन रूपं आहेत. एकात मधला एकार ऱ्हस्व. त्याचा अर्थ टांगणं, आणि टांगून तोलणं. दुसऱ्यात तोच एकार दीर्घ. त्याचा अर्थ लटकून असणं, लोंबणं. मराठीत टांगणं आणि लोंबणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. लॅटिनने तेच काम एका स्वराच्या लांबीवर भागवलं. पेन्शन निघालं टांगून तोलण्यातून, पेंडिंग निघालं नुसत्या लोंबण्यातून. म्हणजे मूळ अर्थाने बोलायचं तर त्या खिडकीवरचा कारकून सांगत असतो: तुम्हाला तोलून द्यायचं ते माळेत ओवून लोंबत ठेवलं आहे. व्युत्पत्तीच्या हिशेबात त्याचं काहीही चुकलेलं नसतं.

आता टांगण्यातून पैसा कसा आला, हे दुधनीच्या बाजारात बसलेल्या माणसाला लवकर उमगेल. हे गाव भुसार मालाचं. तूर, हरभरा, उडीद यांची पोती इथल्या अडतीवर येतात, आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या गावांतूनही येतात. शेतकऱ्याचं वर्ष एका क्षणावर येऊन ठेपतं: पोतं काट्यावर चढतं, काटा स्थिर होतो आणि तोलार आकडा पुकारतो. आज तो आकडा इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल अक्षरांत उमटतो. कालपरवापर्यंत दांडी होती, दोन पारडी होती, आणि दांडी आडवी स्थिर होईपर्यंत सगळ्यांचा श्वास अडकलेला असायचा. तोपर्यंत माल लटकलेला आणि भावही लटकलेला. काटा मारणं, काटामारी हे शब्द आपल्याकडे शिवीइतके जड का, तेही यावरून कळतं. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारलं तर तो यावर वेगळं व्याख्यान देईल.

रोममध्ये नाणी पाडण्याआधी व्यवहार काशाच्या ओबडधोबड तुकड्यांत होत असे. तुकडे मोजून उपयोग नव्हता, ते तोलून द्यावे लागत. त्यामुळे ‘तोलणे’ याच क्रियापदाला ‘पैसे चुकते करणे’ हा अर्थ चिकटला. पुढे नाणी आली, तरी जमीन आणि गुलाम अशा महत्त्वाच्या मालमत्तेच्या खरेदीचा जुना विधी रोमन कायद्याने सोडला नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस त्याचं वर्णन करतो: किमान पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला हवेत, आणि त्यांच्या जोडीला काशाचा तराजू धरून उभा असलेला आणखी एक नागरिक हवा. खरेदीदार ठरलेले शब्द उच्चारून काशाचा तुकडा तराजूवर आपटायचा आणि विकणाऱ्याच्या हातात ठेवायचा. तराजू धरणाऱ्या त्या माणसाला म्हणत ‘लिब्रिपेन्स’, म्हणजे तराजू टांगणारा. दुधनीत त्याला तोलार म्हणतात. खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या घेताना आपण त्या विधीचे साक्षीदार ठेवले. तराजूवाला मात्र गळला.

तोलून देण्याच्या या अर्थाचा वंश मोठा आहे. रोमन सैनिकाच्या पगाराला ‘स्तिपेन्दियुम’ म्हणत. शिकाऊ डॉक्टर आज ज्यासाठी संप करतात तो स्टायपेंड त्यातूनच आला. ‘पेन्सिओ’ म्हणजे हप्त्याने तोलून दिलेली रक्कम, तीच पेन्शन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला. वजनाला लॅटिनमध्ये ‘पोन्दुस’ म्हणत. इंग्रजांचा पौंड, किलोच्या आधीचा आणि बँकेतलाही, याच घरचा. स्पॅनिश भाषेत ‘पेसो’ म्हणजे वजन, आणि मेक्सिकोपासून फिलिपिन्सपर्यंत अनेक देशांचं चलनही. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? १८३५च्या कायद्याने ठरवलेला इंग्रजी अमदानीतला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा वजनाचा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. सोनाराकडे वजन कमी पडलं तर तो पारड्यात रुपयाच टाकायचा.

‘कंपेन्सेशन’ हा शब्दही तराजूचाच. एक वस्तू दुसरीच्या समोर ठेवून तोलणं, असा त्याचा अर्थ. सुरत–चेन्नई महामार्गाच्या भूसंपादनात अक्कलकोट तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मोबदल्यावरून आंदोलनं केली. त्यांची तक्रार मुळात तराजूची होती: एका पारड्यात वडिलोपार्जित जमीन, दुसऱ्यात सरकारी दर, आणि दांडी काही आडवी होत नाही.

इथपर्यंत सांगितलेलं कुठल्याही व्युत्पत्तिकोशात सापडेल. दुधनीत मात्र एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला खास समजावून सांगावी लागली असती. इथल्या निम्म्याहून जास्त श्रोत्यांना ती घरूनच माहीत आहे. कन्नडमध्ये ‘तूगु’ म्हणजे काय? पोतं तोलणं म्हणजे तूगु. लटकणं म्हणजे तूगु. पाळणा झुलवणं हेही तूगुच. वजनाला ‘तूक’ म्हणतात, झोपाळ्याला ‘तूगुय्याले’ आणि झुलत्या पुलाला ‘तूगुसेतुवे’. टांगणं आणि तोलणं एकाच क्रियापदात बांधायला लॅटिनला जे सुचलं, तेच तुंगभद्रेच्या आणि भीमेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यालाही सुचलं. दोन्ही भाषांचं रक्ताचं नातं नाही. एक युरोपातली, दुसरी द्रविड कुळातली. नातं आहे ते तराजूचं. ज्याने ज्याने दांडीला पारडं बांधलं, त्याला टांगल्याशिवाय तोलता येत नाही हे कळलंच. जुन्या मराठीतही तोलण्याला ‘तुकणे’ म्हणत. तो शब्द आपण हरवला. शेजारच्या घरात तो ‘तूक’ रोज वापरात आहे. दुधनीच्या माणसाला एका आळीत मराठी आणि दुसरीत कन्नड बोलावं लागतं, याची कीव करणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. एका भाषेत हरवलेला शब्द त्याला दुसऱ्या भाषेत सापडतो.

संस्कृतात लटकण्याला ‘लम्ब्’ असा धातू आहे. तोलण्याचं काम त्याच्याकडे नाही, ते ‘तुल्’कडे गेलं. पण लॅटिनच्या लोंबणाऱ्या शाखेशी त्याची जोडी पाहून माणूस थक्क होतो. लॅटिनने ‘दे’ हा उपसर्ग लावून खाली लोंबणं केलं, त्यातून इंग्रजीत डिपेंड आलं. संस्कृतने ‘अव’ लावून तेच केलं आणि आपण अवलंबून झालो. घड्याळाचा पेंडुलम तिकडचा, लंबक इकडचा. १६५६मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने लंबकाचं घड्याळ घडवलं आणि वेळही लटकत्या वस्तूच्या स्वाधीन झाली. भूमितीत पर्पेन्डिक्युलर म्हणजे आपला लंब. रोमन गवंडी दोरीला शिसं बांधून भिंत सरळ आहे का बघायचा, त्या अवजाराला ‘पेर्पेन्दिकुलुम’ म्हणत. इ. स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त सपाटी पाण्याने आणि उभा सरळपणा लंबकाने साधावा असं सांगितलं आहे. आणि आजचा गवंडी? तो दोरी सोडून त्याच कामासाठी ओळंबा लावतो. ओळंबा हा ‘अवलंब’चा घरगुती उच्चार. म्हणजे गवंड्याच्या पिशवीतला ओळंबा आणि सरकारी पत्रातलं ‘मंजुरीवर अवलंबून’ ही एकाच आईची लेकरं. फरक इतकाच, की ओळंबा थोडा हेलकावतो आणि ठरतो.

याच धातूतून विलंब आला, आणि गायनातली विलंबित लयही. कार्यालयीन मराठीला पेंडिंगसाठी प्रलंबित आणि सस्पेन्शनसाठी निलंबन हे शब्द मिळाले, त्यातही हाच ‘लंब’ आहे. इंग्रजी शब्दांना पर्याय शोधणाऱ्यांनी अनेकदा कान न लावता केवळ कोश उलटले असा आक्षेप असतो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. इथे मात्र त्यांनी अचूक तेच चित्र निवडलं. कन्नड वर्तमानपत्रं निलंबनाच्या ठिकाणी ‘अमानतु’ लिहितात. तो शब्द फारसीमार्गे आलेला अरबी, ठेव म्हणून ठेवलेलं अशा अर्थाचा. निलंबित तलाठ्याला लटकलेला म्हणावं की ठेवीत टाकलेला, यावर सीमेच्या दोन बाजूंना दोन मतं दिसतात!

निलंबनाबद्दल कायद्याचं म्हणणं असं की ती शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून बाजूला ठेवायचं, निर्वाहभत्ता द्यायचा. पण लटकलेल्याला लटकणं शिक्षेसारखंच वाटतं. म्हणून फेब्रुवारी २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजय कुमार चौधरी खटल्यात सांगितलं की तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू राहू नये. हिशेबनिसांकडेही एक लटकतं खातं असतं. तेरीज जुळली नाही की तफावतीची रक्कम तात्पुरती ‘उचंत खात्यात’ टाकतात. इंग्रजीत ते ‘सस्पेन्स अकाउंट’. चांगला हिशेबनीस वर्षअखेर ते खातं शून्यावर आणतो. वाईट हिशेबनिसाचं उचंत खातं पुढच्या वर्षात जातं, मग त्याच्या पुढच्या.

लटकण्याची भीती माणसाला फार जुनी. ‘टांगती तलवार’ हा मराठीत पक्का रुळलेला वाक्प्रचार सिराक्यूजच्या दरबारातून आला. राजा दियोनिसियसच्या वैभवाचा हेवा करणाऱ्या दामोक्लिसच्या डोक्यावर राजाने घोड्याच्या केसाला बांधून तलवार टांगली. ही गोष्ट सिसेरोने लॅटिनमध्ये लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. आपल्याकडेही त्रिशंकू होताच. इंग्रजांनी बहुमत नसलेल्या सभागृहाला ‘लटकलेलं’ म्हटलं, मराठी वार्ताहरांनी ते भाषांतर न करता त्रिशंकू विधानसभा म्हटलं आणि उत्तम केलं.

पेंडिंगचं खरं माहेर मात्र न्यायालय. रोमन कायद्यात न्यायालयापुढे उभा असलेला दावा म्हणजे ‘लिस पेन्देन्स’, लटकलेलं भांडण. आज वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत ‘लिस पेंडन्स’ हे शब्द जसेच्या तसे छापून येतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचं कलम ५२ सांगतं की जमिनीचा दावा चालू असताना कुणी ती विकली, तर घेणारा निकालाला बांधील राहतो. मुंबई इलाख्यात १९३९मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि अशा दाव्याची नोटीस नोंदवली असेल तरच हे बंधन लागू होईल असं ठरलं. त्यामागे विचार बरा होता: जे लटकलेलं आहे ते निदान लोकांना दिसावं. भावकीच्या वाटणीचे दावे आजोबांनी लावले आणि नातवाने चालवले, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. देशभरातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत मिळून चार कोटींहून अधिक प्रकरणं प्रलंबित आहेत.

सर्वोच्च न्यायालयातही एक लटकलेलं भांडण असं आहे, ज्यात दुधनीचाही पत्ता येतो. बेळगाव-कारवार सीमेच्या वादासाठी केंद्राने १९६६मध्ये न्या. मेहरचंद महाजन आयोग नेमला. १९६७च्या अहवालात आयोगाने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवलं. म्हैसूरकडे द्यायच्या गावांत जतबरोबर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग होता. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४मध्ये महाराष्ट्राने राज्यघटनेच्या कलम १३१नुसार सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून प्रलंबित आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर, अक्कलकोटच्या कन्नडभाषक भागावर हक्क सांगितला तेव्हा दूरचित्रवाणीच्या गाड्या या तालुक्यात धुरळा उडवत फिरल्या. दुधनीहून कलबुर्गीकडे निघालेली गाडी मात्र रोजच्यासारखी कर्नाटकात शिरत होती, आणि सीमेपलीकडचा तुरीचा टेम्पो रोजच्यासारखा इकडे येत होता. राज्यांच्या वकिलांना जे भांडण तोलून संपवता आलेलं नाही, त्याचं ओझं बाजार खांद्यावर घेत नाही. सीमेवरच्या गावांना रस्ता, पाणी आणि शाळेचे शिक्षक कोण देतं याची चिंता जास्त आहे. तिथेही उत्तर पेंडिंगच मिळतं, मराठीत किंवा कन्नडमध्ये.

लटकवण्याचा सर्वांत क्रूर अर्थही सोलापूरला ठाऊक आहे. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, १२ मेपासून लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. आठ महिन्यांत आरोप, खटला, शिक्षा आणि अंमल. लटकवण्याचं काम इंग्रज सरकारने लटकत ठेवलं नाही. या चौघांच्या पुतळ्यांपाशी उभं राहिल्यावर दिरंगाईचं एरवीचं वाईट नाव थोडं वेगळं दिसू लागतं. तोलायला वेळ लागायलाच हवा, अशीही प्रकरणं असतात.

पण फाशीच लटकत राहिली तर? २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात दयेच्या अर्जावरचा अवाजवी विलंब हा फाशी जन्मठेपेत बदलण्याचा आधार मानला आणि पंधरा कैद्यांची फाशी रद्द केली. जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोघी बहिणींची फाशी जन्मठेपेत बदलली. कारण होतं दयेच्या अर्जांच्या निकालाला लागलेला जवळपास आठ वर्षांचा विलंब. गुन्हा भयंकर होता, याबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं. न्यायालयाने ठपका ठेवला तो सरकारवर.

लॅटिनमध्ये टांगण्यामागे एक हेतू होता: तोलायचं, आणि मग चुकतं करायचं. कन्नड ‘तूगु’मध्ये तो अजून शाबूत आहे. आपल्या कचेऱ्यांनी इंग्रजीतून उचललं ते फक्त दीर्घ एकाराचं लोंबणं. मराठीत त्यालाच भिजत घोंगडं म्हणतात, आणि सोलापूर जिल्ह्याला घोंगडी भिजली की किती जड होते ते सांगायला नको.

याला औषध नाही असं मात्र नाही. महाराष्ट्रात २००५चा एक अधिनियम आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा. न्यायप्रविष्ट आणि धोरणात्मक अशा काही बाबी सोडल्या तर कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये, असं त्याचं दहावं कलम सांगतं. शिवाय २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला, नोंद, उतारा अशा अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली असते. ती चुकली तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा यापुढे अर्ज देताना पोच घ्या, पोचेवर तारीख आणि अर्जाचा क्रमांक टाकून घ्या, त्या सेवेची मुदत किती दिवसांची ते त्याच खिडकीवर विचारून पोचेच्या मागे लिहा, आणि ती उलटली की दुसऱ्याच दिवशी अपिलाचा अर्ज द्या.